ठिपकी मुंगी आणि गाडीतला पेढा

एक होती मुंगी. काळी काळी, एवढीश्शी. कागदावर पेनाचं टोक टेकवलं की उमटतं ना, तेवढी. म्हणून तिचं नाव ठिपकी.

पेरूच्या झाडाखाली मुंग्यांचं बीळ होतं. बिळात ठिपकी राहायची. आई राहायची. थोरली मावशी राहायची. आणि बहिणी तर इतक्या, की मोजता मोजता झोप लागावी.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. ठिपकी उशिरा उठली. आळस दिला. मिशा पुसल्या.

"आई गं, भूक!"

कुणी ओ देईना.

बिळात आई नाही. मावशी नाही. एकसुद्धा बहीण नाही. सगळं बीळ रिकामं!

ठिपकी रडली. पण थोडंसंच हं. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "शोधून काढतेच सगळ्यांना!"

वास घेत घेत ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पेरूच्या खोडावर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. फांदीवर गेली. फांदी टेकली होती एका लाल गाडीच्या टपावर. ठिपकी टपावर उतरली. टपावरून खिडकीत. खिडकीतून सीटखाली.

आणि बघते तर काय!

सीटखाली एक पेढा. गोल गोल, पिवळा पिवळा. पेढ्याभोवती आई, मावशी आणि सगळ्या बहिणी! जिकडे बघावं तिकडे मुंग्याच मुंग्या. सीटवर मुंग्या, सीटबेल्टच्या पट्ट्यावर मुंग्या, स्टिअरिंगवर मुंग्या.

तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. धप्प!

गाडीवाल्या घरातल्या आजोबांनी डिकीत बॅग ठेवली होती. "ही पहिली!" आजोबा ओरडले. "आटपा रे! चिपळूणला जायचंय. घाट उतरायचाय. वेणीफणी झाली की निघायचं!"

ठिपकीनं ते ऐकलं. गाडी जाणार, म्हणजे आई जाणार. मावशी जाणार. सगळ्या बहिणी जाणार. बिळात राहणार एकटी ठिपकी!

ठिपकी म्हणाली,
"मुंग्यांनो, मुंग्यांनो, निघा ना!
गाडी चालली चिपळूणला!"

मावशी म्हणाली, "चालली तर चालली! पेढा आहे ना बरोबर!"

आई नुसती खात होती. तिचं तोंड पेढ्यानं भरलं होतं.

"पेढा हलला, तर आम्ही निघू," सगळ्या मुंग्या म्हणाल्या. आणि पुन्हा खायला लागल्या. कुटुम कुटुम.

ठिपकी म्हणाली, "असं काय? थांबा, हलवतेच पेढा!"

ती पेढ्यावर चढली.

"पेढ्या, पेढ्या, हल ना!
मुंग्या निघेनात,
आणि गाडी चालली चिपळूणला!"

पेढा मऊ मऊ आवाजात म्हणाला, "मी कसा हलू बाई? मला पाय आहेत का? कुंच्यानं ढकललं, तर मी हलेन."

ठिपकीनं पेढा ढकलून पाहिला. डोकं लावलं. सहाही पाय रोवले. हुश्श... हुश्श... पेढा जागचा हलेल तर शपथ!

मग ठिपकी निघाली कुंच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. कुंचा कुठे होता? ओसरीवर, दारामागे, खिळ्याला टांगलेला.

"कुंच्या, कुंच्या, ढकल ना!
पेढा हलेना,
मुंग्या निघेनात,
आणि गाडी चालली चिपळूणला!"

कुंचा खरखर हसला. खर्र खर्र. "मी आपला लटकलेला. बाबा वाकले, मला हातात घेतलं, तर मी ढकलेन."

धप्प!

"ही दुसरी बॅग!" आजोबा ओरडले.

ठिपकी पळत सुटली. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु. बाबा कुठे होते? अंगणात, गाडीपाशी. हे बाबा म्हणजे कस्तूचे बाबा. कस्तू म्हणजे घरातली छोटी मुलगी. ती पुढे येणारच आहे, दम धरा.

बाबांचे हात पिवळे. बाबांचं नाक पिवळं. बाबांची विजारसुद्धा पिवळी! गाडीत मुंग्या झाल्या म्हणून बाबांनी चारही चाकांभोवती हळद घातली होती. मुंग्या हळद ओलांडत नाहीत ना, म्हणून. डबाभर हळद संपली होती.

ठिपकी बाबांच्या पाठीवरून कानापाशी गेली.

"बाबा, बाबा, वाका ना!
कुंचा ढकलेना,
पेढा हलेना,
मुंग्या निघेनात,
आणि गाडी चालली चिपळूणला!"

"अजून मुंग्या?" बाबा म्हणाले. "छे छे! चारही चाकांना हळद घातलीय मी. चढतील कशा?"

"आम्ही खालून येतच नाही," ठिपकी म्हणाली. "आम्ही वरून येतो. फांदीवरून!"

बाबांनी वर बघितलं. फांदी बघितली. मग आपले पिवळे हात बघितले.

"हात्तिच्या!" बाबा म्हणाले. "पण बाळ, मला जवळचं दिसत नाही गं. पेढा शोधू कसा? चष्मा कुठे ठेवलाय, देव जाणे. चष्मा मिळाला, तर मी वाकेन."

बाबांनी खिसा चाचपला. खिसा पिवळा झाला. चष्मा काही मिळाला नाही.

ठिपकीनं सगळं घर धुंडाळलं. टेबलावर चष्मा नाही. कपाटावर चष्मा नाही. खिडकीत नाही, उशीखाली नाही. शेवटी ओसरीतल्या खुर्चीवर बघितलं. खुर्चीवर बसला होता बोका. मोठा बोका, जाडा बोका, पिवळ्या डोळ्यांचा बोका. आणि बोक्याच्या पोटाखालून काय डोकावत होतं? चष्म्याची दांडी!

ठिपकी घाबरली का? घाबरली. थांबली का? मुळीच नाही.

"बोकोबा, बोकोबा, उठा ना!
बाबा वाकेनात,
कुंचा ढकलेना,
पेढा हलेना,
मुंग्या निघेनात,
आणि गाडी चालली चिपळूणला!"

बोक्यानं एक डोळा उघडला. "घुर्रर्र... सकाळपासून सगळ्यांची गडबड. माझं दूध कुणाच्या लक्षात आहे का? नलूआत्यानं दूध दिलं, तर मी उठेन." आणि डोळा मिटून घेतला.

धप्प!

"ही तिसरी बॅग! आता फक्त लोणच्याची बरणी राहिली!" आजोबा ओरडले.

बाप रे! फक्त बरणी राहिली! ठिपकीचे पाय दुखत होते. सहाच्या सहा दुखत होते. पण बसायला वेळ होता का? तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु.

नलूआत्या आतल्या खोलीत होती. ही कस्तूची आत्या. लाल गाडी तीच चालवायची. गाडीची किल्ली तिच्या कमरेला खोचलेली होती. आणि तिच्या एका हातात होता कंगवा, दुसऱ्या हातात कस्तूचे केस. ठिपकी आत्याच्या बांगडीवर चढली.

"आत्या, आत्या, दूध दे ना!
बोका उठेना,
बाबा वाकेनात,
कुंचा ढकलेना,
पेढा हलेना,
मुंग्या निघेनात,
आणि गाडी चालली चिपळूणला!"

"दूध देऊ कशानं?" आत्या वैतागून म्हणाली. "दोन्ही हात अडकलेत माझे! ही कस्तू नुसती मान हलवतेय. तीनदा वेणी घातली, तीनदा सुटली. हिची मान थांबली, तर वेणी होईल. वेणी झाली, तर मी दूध देईन."

खरंच की! कस्तूची मान हलत होती. इकडे तिकडे, इकडे तिकडे. नाही नाही नाही!

ठिपकी कस्तूच्या नाकाच्या शेंड्यावर चढली. नाक हललं, ठिपकीही हलली. इकडे तिकडे, इकडे तिकडे. तिनं नाक घट्ट धरून ठेवलं.

"कस्तू, कस्तू, मान थांबव ना!
आत्या दूध देईना,
बोका उठेना,
बाबा वाकेनात,
कुंचा ढकलेना,
पेढा हलेना,
मुंग्या निघेनात,
आणि गाडी चालली चिपळूणला!"

"नाही नाही नाही!" कस्तू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही वेणी घालणार. वेणी झाली की गाडी निघणार. आणि माझी गाडी उपाशी आहे!"

"उपाशी?" ठिपकीनं विचारलं.

"काल दसरा होता ना? आपण गाडीची पूजा केली. गाडीला हार मिळाला. गाडीला कुंकू मिळालं. मग सगळ्यांना पेढा मिळाला. आजोबांना मिळाला, बाबांना मिळाला, आत्याला मिळाला, मला मिळाला. आणि गाडीला? गाडीला कुणी दिलाच नाही! म्हणून मी माझा पेढा गाडीला दिला. सीटखाली, आत आत सरकवला. पण तिचं पोट भरलं का? ती काही बोलतच नाही. उपाशी गाडी एवढा मोठा घाट कशी उतरेल?"

आत्यानं कंगवा धरलेल्या हातानं कस्तूचे डोळे पुसले.

"गाडी म्हणाली ना, ‘पोट भरलं’," कस्तू म्हणाली, "तर माझी मान थांबेल."

ठिपकी म्हणाली, "एवढंच ना? आत्ता विचारून येते!"

नाकावरून खाली. अंगणातून पेरूकडे. पेरूवरून टपावर. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु! आजोबा बरणी घेऊन येत होते. सावकाश, सावकाश, तेल सांडू नये म्हणून. आजोबांच्या पुढे जाऊन ठिपकी पोचली गाडीच्या अगदी समोर, हाराच्या झेंडूवर. आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली,

"गाडी, गाडी, सांग ना!
पोट भरलं का, सांग ना!
कस्तूची मान थांबेना,
आत्या दूध देईना,
बोका उठेना,
बाबा वाकेनात,
कुंचा ढकलेना,
पेढा हलेना,
मुंग्या निघेनात,
आणि तू चाललीस चिपळूणला!"

गाडी म्हणाली, "अगंबाई! मला विचारतेस?"

"तुलाच!"

"कालपासून कुणी मला विचारलंच नाही बघ!" गाडी म्हणाली. "अगं, मी पेढा खात नाही. मी पेट्रोल पिते. काल पंपावर गटगट प्यायले. पोट टम्म भरलंय माझं! पेढा नको मला. नुसत्या गुदगुल्या होताहेत, गुदगुल्या!"

"मग सांग ना मोठ्यानं!" ठिपकी म्हणाली. "कस्तूला ऐकू जाऊ दे!"

गाडीनं दम घेतला. आणि...

पों पों! पोंऽऽऽ पों! "पोट भरलं! पोट भरलं!"

आणि मग काय गंमत झाली!

कस्तूनं ऐकलं. कस्तू हसली. कस्तूची मान थांबली.

कस्तूची मान थांबली, तशी वेणी झाली. सुर्रकन झाली. लाल रिबिनीचं फूलही झालं.

वेणी झाली! म्हणजे आता गाडी निघणार? आत्यानं कमरेची किल्ली काढलीसुद्धा. पण आत्या शब्दाची पक्की. म्हणाली, "आधी दूध." आत्यानं बशीत दूध ओतलं.

दूध दिसलं, तसा बोका उठला. लप लप लप लप. बशी चकचकीत!

बोका उठला, तसा चष्मा मिळाला. एक दांडी थोडी वाकडी झाली होती, पण चालतंय.

चष्मा मिळाला, तसे बाबा वाकले. सीटखाली बघितलं. "अरे बाप रे! हा बघा पेढा!" बाबांनी कुंचा हातात घेतला.

बाबांनी कुंचा घेतला, तसा कुंच्यानं ढकललं. खर्र खर्र... खर्रर्र!

कुंच्यानं ढकललं, तसा पेढा हलला. इंचभर हलला. वीतभर हलला. आणि दारातून बाहेर, टप्प! थेट बाबांच्या पिवळ्या हातात.

"बाबा, टाकू नका हं!" कस्तू धावत आली. "गाडीचं पोट भरलंय. आता हा मुंग्यांना देऊया." आपण मुंग्यांच्या बिळाशी साखर घालतो की नाही, तसा तिनं तो पेढा पेरूच्या बुंध्याशी, एका पानावर ठेवला. अगदी बिळाच्या दारात.

पेढा हलला, तशा मुंग्या निघाल्या!

"चला चला! पेढा घरी गेला!" सीटवरच्या निघाल्या, पट्ट्यावरच्या निघाल्या, स्टिअरिंगवरच्या निघाल्या. खिडकीतून टपावर. टपावरून फांदीवर. फांदीवरून खाली. काळी काळी, लांबच लांब रांग. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

ठिपकी फांदीच्या टोकावर उभी राहिली. एकेकीला बघत राहिली. ही मावशी. ही ताई. ही दुसरी ताई. ही धाकटी ताई. ताया संपता संपेनात.

पण आई कुठे?

टुक! आजोबांनी बरणी ठेवली. डिकी लागली. धाड! सगळे गाडीत बसले. बाबांच्या हातात अजून कुंचा होताच. आत्यानं किल्ली फिरवली. घुर्रर्र घुर्रर्र! गाडी थरथरली. फांदी थरथरली. गाडी हलली की फांदी सुटणार!

ठिपकीनं फांदी सोडली नाही. चार पायांनी फांदी धरली आणि दोन पाय टपावर रोवले. सगळी गाडी एकटीनं धरून ठेवल्यासारखी ती ताठ उभी राहिली.

"थांबा!" ठिपकी ओरडली. "माझी आई आत आहे!"

केवढा लहान तो आवाज! पण कस्तूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. तिनं ऐकलं.

"आत्या, थांब! हिची आई आत आहे!"

आत्यानं गाडी बंद केली. बाबांनी चष्मा नाकावर चढवला. सीटखाली बघितलं. पट्ट्यामागे बघितलं. पायपुसणं उचललं. आणि त्या पायपुसण्याखाली होती एक काळी मुंगी. तिच्या तोंडात पेढ्याचा मोठा तुकडा. तुकडा इतका जड, की तिला पुढे येताच येईना. आणि सोडवेनासुद्धा!

बाबांनी कुंचा पुढे केला. "या, बसा." मुंगी कुंच्यावर चढली. कुंचा खिडकीतून वर गेला, टपावरून वर गेला, आणि फांदीला लागला.

आई फांदीवर आली. तिनं तो जड तुकडा ठिपकीसमोर ठेवला. म्हणून तर ती मागे राहिली होती.

"ठिपके, हा तुझा," आई म्हणाली. "सगळ्यात मऊ आहे."

ठिपकीला किती भूक लागली होती! सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं. पण तिनं तुकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं आपली मिशी आईच्या मिशीत अडकवली. घट्ट घट्ट अडकवली.

"आधी घरी चल," ठिपकी म्हणाली.

आणि आई घरी आली. पुढे ठिपकी, मागे आई, मध्ये मऊ मऊ तुकडा. तुरुतुरु... तुरुतुरु...

गाडी गेली घाटात,
मुंग्या गेल्या बिळात,
पेढा गेला पोटात,
आणि ठिपकीची गोष्ट गेली
तुमच्या या इवल्याशा कानात!